मोटारीची पुढची कांच व यंत्राची नजर

दिवाळी उलटून साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला, कीं करमाळा तालुक्यांतील रस्त्यांचें रूप पालटून जातें. उजनीच्या जलाशयाकांठच्या मळ्यांतून निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या एकामागून एक कारखान्याच्या वाटेस लागतात. डांबराच्या कडेची खडी चाकांखालीं सांपडून उडते. आणि मागून येणाऱ्या एखाद्या मोटारीच्या पुढच्या कांचेवर टक् असा आवाज होतो. प्रथम दिसतो तो हरभऱ्याच्या दाण्याएवढा तारा. मोटारीचा धनी मनाशीं म्हणतो, पाहूं पुढें. परंतु दुसऱ्या दिवशीं दुपारीं, गाडी उन्हांत तापलेली असतां, आंतल्या गार वाऱ्याचा झोत त्या कांचेवर सोडला कीं त्या ताऱ्यांतून एक रेघ निघते आणि संध्याकाळपर्यंत ती वीतभर लांब झालेली असते.

रबराच्या पट्टींत कांच बसविलेल्या जीपगाड्यांच्या काळीं यावरचा उपाय सोपा होता. सोलापुरास किंवा नगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, गाडी न्यावी. फिटरानें जुनी कांच काढून नवी बसवावी. चहा होतो न होतो तोंच किल्ली हातीं यावी. आज या तालुक्यांत ज्या गाड्या दिसूं लागल्या आहेत त्यांची गोष्ट निराळी आहे. उजनी धरण १९८० सालीं पुरें झालें. त्याच्या फुगवट्याच्या पाण्यावर प्रथम ऊस वाढला व पुढें केळी आली; कंदर आणि वाशिंबे या बाजूची केळी आतां परदेशच्या बाजारांत जाते. ज्याच्या आजोबांनीं बैलगाडी हांकली त्याच्या दारांत आज लाखों रुपयांची एसयूव्ही उभी असते, आणि तिच्या कांचेचा प्रश्न हा केवळ कांचेचा प्रश्न राहिलेला नसतो.

याचें कारण असें. २०२१ सालीं बाजारांत आलेल्या महिंद्रच्या एक्सयूव्ही ७०० या गाडीचे वरच्या दर्जाचे नमुने घ्या, किंवा ज्यांची जुळणी २०२४ सालीं पुण्यांत करण्याचें ठरलें त्या रेंज रोव्हर गाड्या घ्या. अशा गाड्यांत चालकास साहाय्य करणारी एक यंत्रणा असते. व्यवहारांत तिला अ‍ॅडास म्हणतात. पुढचें वाहन अकस्मात् थांबलें तर ब्रेक लावणें, गाडी आपल्या पट्ट्याबाहेर जाऊं लागली तर स्टिअरिंग सावरणें, वेगमर्यादेची पाटी वाचणें, समोरून कोणी आलें कीं दिव्यांचा झोत खालीं घेणें, अशीं कामें ती करते. पुढच्या वाहनाचें अंतर मोजणारें रडार बहुधा गाडीच्या नाकाडांत असतें. परंतु समोर आहे तो माणूस, बैल कीं टेंपो, आणि रस्त्याचा पांढरा पट्टा कोठें वळतो, हें ओळखणारा कॅमेरा आंतल्या आरशाच्या मागें, पुढच्या कांचेला टेकून बसविलेला असतो. कांच बदलली म्हणजे त्या डोळ्याची खोबणच बदलली.

कांचेविषयीं थोडें सांगणें येथें अवश्य आहे. महाराष्ट्रास कांचेचा धंदा नवा नाहीं. तळेगांवचा पैसा फंडाचा कांच कारखाना १९०८ सालचा. आणि ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलानें तर कित्येक घरांच्या ओसऱ्या उजळल्या. तापलेल्या कंदिलाच्या कांचेवर पाण्याचा शिंतोडा पडला तर काय होतें हें जुन्या गृहिणींस सांगावयास नको. मोटारीची पुढची कांच त्या जातीची नव्हे. १९०३ सालीं एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनज्ञाच्या हातून प्रयोगशाळेंतील एक चंबू खालीं पडला. तो तडकला, पण त्याचे तुकडे विखुरले नाहींत. कारण त्याच्या आंतल्या बाजूस सेल्युलोज नायट्रेटचा पापुद्रा वाळून बसला होता. त्यावरून दोन कांचांच्या मध्यें असा पापुद्रा घालण्याची युक्ति निघाली व १९०९ सालीं तिचें पेटंट घेतलें गेलें. आजहि पुढच्या कांचेंत सुमारें दोन-दोन मिलिमीटर जाडीचे दोन थर असून त्यांच्यामध्यें पॉलिव्हिनिल ब्युटिरल नांवाच्या द्रव्याचा एक मिलिमीटरहि न भरणारा पापुद्रा असतो. दारांची कांच फुटली तर बहुधा खडीसाखरेसारखा चुरा होतो; पुढची कांच तडकते, पण जागा सोडीत नाहीं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील शंभराव्या नियमानें पुढची कांच अशी जोडकांचच असली पाहिजे असें ठरविलें आहे, तें याचसाठीं.

भारी गाड्यांत या पापुद्र्यावर आणखी कामें सोंपविलेलीं असतात. कोठें तो वाऱ्याचा आवाज गिळतो. कोठें वेगाचा आंकडा चालकाच्या समोर कांचेवरच उमटावा अशी सोय असते; तेथें कांचेच्या आंतल्या व बाहेरच्या अशा दोन्ही पृष्ठांवरून प्रतिबिंब पडून आंकडा दुहेरी दिसूं नये म्हणून पापुद्रा वरपासून खालपर्यंत किंचित् पाचरीसारखा केलेला असतो. कोठें पावसाचा थेंब ओळखणारा सेन्सर असतो, तर कोठें कॅमेऱ्यासमोरील दंव घालविण्यासाठीं बारीक तारा असतात. त्यामुळें एकाच नांवाच्या व एकाच रंगाच्या दोन गाड्यांना एकच कांच चालेल असें नाहीं. दुकानदारास गाडीचें नांव सांगून भागत नाहीं. चेसिस नंबर द्यावा लागतो. साधी कांच स्वस्त मिळते म्हणून बसवून घेतली तर ती बसते, वाराहि अडविते. पण आंकडे दुहेरी दिसतात, किंवा कॅमेऱ्यासमोरचा कांचेचा तुकडा किंचित् लहरीदार असून रस्त्याचा पट्टा यंत्रास वांकडा दिसतो. खरी काटकसर करावयाची ती येथें नव्हे.

आतां बसविण्याचें काम. जुनी कांच तारेनें कापून काढतात. पत्र्यावरचा जुन्या चिकट द्रव्याचा थर पातळ तासून ठेवतात. पत्र्याला ओरखडा पडला असेल तर त्यावर प्रायमर लावतात, नाहींतर पुढें गंज धरतो. मग युरेथेनची सलग धार ओढून नवी कांच दोघे जण मोठ्या शोषकपेल्यांनीं उचलून एकाच वेळीं खालीं टेकवितात. येथें उतावीळ माणसाचें चालत नाहीं. अपघातांत पुढची कांच छपरास आधार देते, आणि शेजारच्या प्रवाशाची हवेची पिशवी पुष्कळ गाड्यांत याच कांचेवर आपटून त्याच्याकडे वळते. युरेथेन घट्ट होण्यापूर्वीं गाडी रस्त्यावर आणली व दुर्दैवानें धडक बसली, तर कांच बाहेर फेंकली जाईल आणि पिशवी तिच्या मागोमाग. हें द्रव्य हवेंतील ओलाव्यानें घट्ट होतें. कोंकणांत श्रावणांत जें काम लवकर होईल त्यास करमाळ्याच्या कोरड्या हवेंत अधिक वेळ लागूं शकतो. किती वेळ थांबावयाचें याचें कोष्टक उष्णता व ओलावा धरून त्या द्रव्याच्या उत्पादकानें दिलेलें असतें. फिटराला तें विचारण्यांत संकोच बाळगण्याचें कारण नाहीं. पहिला दिवसभर दारें धाडकन् लावूं नयेत व एखादी खिडकी बोटभर उघडी ठेवावी, म्हणजे आंतल्या हवेचा दाब ओल्या जोडावर येत नाहीं.

इतकें झाल्यावर गाडी पूर्वीसारखी दिसते. धोका येथूनच सुरू होतो. कॅमेऱ्याची बैठक कांचेला चिकटविलेली असते. ती दहा सेंटिमीटर लांबीची धरली आणि एका टोकास अवघी पावणेदोन मिलिमीटर सरकलेली असली, तर नजर एक अंशानें फिरते. एक अंश म्हणजे शंभर मीटरांवर पावणेदोन मीटर. हमरस्त्यावरील एका पट्ट्याची रुंदी साडेतीन मीटर धरतात. तेव्हां अर्धा पट्टा चुकला. ताशीं ऐंशी किलोमीटर वेगानें जाणारी गाडी हें शंभर मीटरांचें अंतर साडेचार सेकंदांत तोडते. शेजारच्या पट्ट्यांतील ट्रक आपल्याच पुढें आहे असें समजून यंत्र विनाकारण ब्रेक लावील, किंवा याहून वाईट म्हणजे, खरोखर पुढें असलेली ट्रॉली बाजूस आहे असें समजून स्वस्थ बसेल. आणि यंत्र आंधळें झालें तर दिवा लावून सांगतें. तिरळें झालें तर तें सांगेलच असें नाहीं. डॅशबोर्डवर कसलाहि दिवा पेटला नाहीं, एवढ्यावरून नजर ठीक आहे असें मानणें ही मोठी चूक होय.

म्हणून कांच बसविल्यावर कॅमेऱ्याची नजर जुळवावी लागते. यास कॅलिब्रेशन म्हणतात. त्याच्या मुख्य रीति दोन. पहिलींत गाडी अगदीं सपाट जमिनीवर उभी करतात, टायरांतील हवा मापून भरतात, मागचें ओझें उतरवितात. मग चाकांवरून गाडीची मध्यरेषा काढून तिच्यासमोर ठरल्या अंतरावर व ठरल्या उंचीवर काळ्या-पांढऱ्या आकृतींचा फलक उभा करतात. गाडीला संगणक जोडून कॅमेऱ्यास तो फलक दाखवितात. येथें कॅमेऱ्याची मान कोणी पिळीत नाहीं. तो किती तिरपा बसला आहे हें त्याच्या स्मृतींत नोंदवितात आणि पुढें तो तेवढा फरक वजा करून जगाकडे पाहतो. दुसऱ्या रीतींत संगणक जोडून गाडी ठराविक वेगानें स्पष्ट पट्ट्यांच्या रस्त्यावर चालवितात व कॅमेरा त्या पट्ट्यांवरून स्वतःस ओळखून घेतो. कोणत्या गाडीस पहिली रीत, कोणत्या गाडीस दुसरी, आणि कोणत्या गाडीस दोन्ही, हें कारखानदार ठरवितो. गॅरेजवाल्याच्या सोयीवर तें नाहीं.

करमाळ्याच्या दृष्टीनें अडचण कोणती तें आतां ध्यानीं येईल. कांच येथें आणवून बसविणारा हुशार कारागीर मिळूं शकेल. फलक, सपाट फरशी व त्या गाडीचा संगणक मिळणें अवघड. रस्त्याची रीत करावयाची म्हटलें तरी गांवाआंतल्या रस्त्यांवरील पट्टे धुळीखालीं गेलेले असतात; त्यासाठीं टेंभुर्णीस उतरून पुणें-सोलापूर महामार्ग गांठणें बरें. तेव्हां कांच एका गांवीं व नजर दुसऱ्या गांवीं असें काम तोडून करण्यापेक्षां दोन्ही जेथें होतील तेथेंच, सोलापुरास किंवा पुण्यास, एका फेरींत करून घेणें शहाणपणाचें. तडा पसरून तेवढा प्रवासहि धोक्याचा झाला असेल व कांच येथेंच बसवावी लागली, तर नजर जुळेपर्यंत ब्रेकचें व पट्ट्याचें साहाय्य बंद ठेवून, आपली गाडी जुन्या वळणाची आहे असें समजून चालवावी. रात्रीं तर विशेषच. मागचा दिवा नसलेली, उसाच्या मोळ्या मागें लोंबत असलेली ट्रॉली नीट जुळविलेल्या यंत्रासहि फसवूं शकते. मग तिरळ्या यंत्राची कथा काय? आषाढांत निवृत्तिनाथांची पालखी याच तालुक्यांतून पंढरीस जाते. दिंडीमागून गाडी हांकणाऱ्यानें कांचेच्या डोळ्यावर भिस्त ठेवूं नये, हें वेगळें सांगावयास नको.

मुळांत तारा लहान असतांनाच राळ भरून घेतली तर हा सगळा व्याप टळतो. पांच रुपयांच्या नाण्याखालीं झांकेल एवढा घाव बहुधा भरतां येतो; मात्र तो कॅमेऱ्यासमोर किंवा चालकाच्या थेट नजरेसमोर असेल तर नाहीं. तोंवर त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावून धूळ-पाणी बाहेर ठेवावें आणि गार वाऱ्याचा झोत तेथें सोडूं नये.

खर्चाविषयीं दोन शब्द. सर्वंकष विम्यांत कांचेच्या भागांवर घसारा कापीत नाहींत, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. परंतु दावा केला म्हणजे, वेगळी तरतूद घेतलेली नसल्यास, दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट जाते. ती पन्नास टक्क्यांपर्यंत चढलेली असेल तर आधीं हिशेब करून पाहावा. कॅलिब्रेशनचा खर्च विमा कंपनी देते किंवा नाहीं हें कांच काढण्यापूर्वींच लेखी विचारावें. जुन्या कांचेबरोबर फास्टॅगहि जातो. नवा घेऊन तो कॅमेऱ्याच्या खिडकीपासून दूर चिकटवावा. दसऱ्याचा झेंडूचा हार कांचेवर आडवा सोडणाऱ्यांनींहि हें लक्ष्यांत ठेवावें.

येथें एक गोष्ट बोलल्यावांचून राहवत नाहीं. फलकांचीं मापें आणि संगणकाच्या किल्ल्या पुष्कळदां कारखानदार आपल्या अधिकृत विक्रेत्यांपाशींच ठेवतात. भारत सरकारनें २०२२ सालीं दुरुस्तीच्या हक्काचें संकेतस्थळ उघडलें व त्यांत मोटारींचाहि समावेश केला, हें चांगलें झालें. परंतु तालुक्याच्या कारागिराच्या हातीं तीं साधनें येत नाहींत तोंवर सुरक्षिततेसाठीं विकत घेतलेल्या यंत्राची सुरक्षितता शंभर मैलांवर गहाण राहणार. यांत कारागिराचा दोष नाहीं. त्याला शिकवा, तो शिकेल.

काम आटोपल्यावर गाडी ताब्यांत घेतांना कॅलिब्रेशनचा छापील अहवाल मागून घ्यावा. त्यावर तारीख, चेसिस नंबर व कॅमेरा जुळल्याची नोंद असावी; तो विम्याच्या कागदांबरोबर ठेवावा. मग दिवसा, मोकळ्या रस्त्यावर, हात स्टिअरिंगवर ठेवून गाडी पट्ट्याच्या मध्यावर राहते कीं एका अंगास ओढते तें पाहावें. ओढत असेल तर तडक गॅरेजकडे परत फिरावें आणि काम पुन्हां करून मागावें.