रंधा, पटाशी आणि आपले हात
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



वाचनालय, शिवणवर्ग आणि हळदीकुंकवाचा अहवाल चिटणीसबाईंनी आत्ताच आपल्यापुढे ठेवला. शनिवारी दुपारी चालणाऱ्या सुतारकामाच्या वर्गाविषयी मात्र मी बोलावे, असे ठरले. हा वर्ग आपल्यापैकी काहींच्या कौतुकाचा आणि काहींच्या काळजीचा विषय झाला आहे, हे मला ठाऊक आहे. मागची अडगळीची खोली या वर्गाला कायमची द्यावी की नाही, हा प्रश्न कार्यकारिणीपुढे आहे. तेव्हा आज दोन्ही बाजूंचे बोलणे भाग आहे.

सुतारकाम हे बायकांचे काम नव्हे, असे आपण सहज म्हणून जातो. पण लाकडाशी सर्वांत जास्त संबंध कोणाचा येतो, हे तुम्हीच पाहा. पोळपाट, लाटणे, रवी, काठवट, मुसळ, चाटू, शेवयांचा पाट, विळीचा पाट, जात्याचा खुंटा, पाळणा, देव्हारा; ही सारी सुताराची कारागिरी, आणि ती आयुष्यभर हाताळली आपण. खुंटा ढिला झाला म्हणजे दळणाऱ्या बाईचा हात आधी ओळखत असे. वस्तू वापरण्याचे ज्ञान आपल्याकडे होते. ती घडवण्याचे तेवढे दाराबाहेर राहिले.

गावगाड्यात सुताराचा मान मोठा. बारा बलुतेदारांत तो पहिल्या ओळीतला. वऱ्हाडातील शेतकऱ्याचे वखर, तिफण, डवरा, जू आणि बंडी त्याच्याच हातची. सुगीला खळ्यावरून त्याला धान्य मिळे. आज ट्रॅक्टर आला, लोखंडी पेरणीयंत्र आले, बंडीला रबरी चाके लागली. घरात प्लायवुड आले. शेतकऱ्याचे कष्ट कमी झाले, त्याचा मला आनंदच आहे. परंतु तिफणीबरोबर ती घडवणाराही मागे पडला, हेही खरे.

आमच्या वर्गाला शिकवणारे मिस्त्रीकाका अशाच घरातले. त्यांचा एक मुलगा गाडी चालवतो, दुसरा पुण्यास कंपनीत आहे. दोघांनाही या धंद्यात यायचे नव्हते. मुलीला यायचे होते. पण खंडेनवमीला हत्यारे धुवावीत, पुसावीत, त्यांना हळदकुंकू वाहावे, एवढाच तिचा अधिकार. वर्षातून एकदा ज्या रंध्याला ती फूल वाहत असे, तो उरलेले ३६४ दिवस तिने उचलायचा नाही! आज ती आमच्या वर्गात येते. पहिल्या शनिवारी वडिलांनी आपल्या हाताने तिच्या हातात पटाशी दिली. दोघेही काही बोलले नाहीत. आम्हीही मुकाट्याने आपापल्या फळीकडे पाहत राहिलो.

आता वर्गात चालते काय, ते सांगते. आम्ही अकराजणी आहोत, आणि मिस्त्रीकाकांचे म्हणणे असे की प्रत्येक जण काही ना काही शिकूनच आली आहे. शिवणकाम करणाऱ्या वहिनींना माप घेणे आणि खूण करणे शिकवावे लागले नाही. कापण्याची जागा सोडून खूण करायची, हे त्यांच्या बोटांत होते. विळीला सहाणेवर धार लावणाऱ्या मावशींनी रंध्याच्या पात्याला धार लावणे दोन दिवसांत साधले. निवृत्त शिक्षिका असलेल्या काकूंनी चौकट काटकोनात आहे की नाही हे कर्ण मोजून दाखवले. दोन्ही कर्ण सारखे भरले तर चौकट सरळ. रांगोळीत हात बसलेल्या मुलीने देव्हाऱ्याची कमान एका दोरीने आणि खिळ्याने आखली. एकीचे कसब दुसरीला मिळते, दुसरीचे तिसरीला. आणि घरी जाताना प्रत्येकीच्या पदरी आपल्या वाट्यापेक्षा अधिक असते. मला या वर्गाचे मोठे मोल वाटते ते येथेच.

लाकडाचा स्वभाव कळणे हा पहिला धडा. लाकूड उभ्या रेषेत फारसे कमीजास्त होत नाही. आडवे मात्र आटते आणि फुगते. आपल्या अकोल्याचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जाणारा आणि श्रावणात हवा ओली. म्हणून मे महिन्यात दाराला फट पडते आणि श्रावणात तेच दार अडकते. बसायच्या पाटाखालची आडवी पट्टी दोन्ही टोकांना खिळ्यांनी जखडली, तर फळीला हलायला जागा राहत नाही आणि ती मधोमध तडकते. जुने सुतार ती पट्टी खाचेत सरकवून बसवीत. पाट हलायला मोकळा राहतो आणि वाकतही नाही. मिस्त्रीकाका म्हणतात, ‘लाकडाले घाई चालत नाही, बाई. आपणच त्याचं ऐकावं लागते.’

बाभूळ जड आणि चिवट, म्हणून चाकाचा तुंबा आणि अवजारे तिची. सागात अंगचे तेल असते, म्हणून त्याला वाळवी सहजी लागत नाही. आपल्या उत्तरेस मेळघाट सागाचा. पण १९७३-७४ पासून तेथे व्याघ्रप्रकल्प आहे, आणि जंगल राखणे हेच आपल्या हिताचे. विदर्भातील दुसरे सागाचे माहेर म्हणजे चंद्रपूरकडचे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली साग गेला तो बल्लारपूरहूनच. आम्ही मात्र नवे लाकूड फारसे घेत नाही. मोडक्या पलंगाचे पाय, जुन्या चौकटी, सामानाची खोकी यांतूनच काम भागते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मुलांनी ओढत नेलेले चाकांचे नंदी या वर्षी अशाच खोक्यांच्या फळ्यांतून निघाले.

पोळपाट, लाटणे, चाटू यांना शेवटचा हात द्यायचा तो जवसाच्या तेलाचा. जवस आपल्या विदर्भातले पीक. त्याचे तेल हवेत सुकून लाकडावर पातळ थर धरते. शेंगदाण्याचे तेल सुकत नाही; चिकट राहते आणि खवट होते. एक सावधगिरी मात्र सर्वांनी लक्षात ठेवावी. जवसाच्या तेलात भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल सुकताना उष्णता निघते आणि ढिगातली फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळवावीत, किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

कोणी म्हणेल, हे नवीनच खूळ आहे. तर तसेही नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये आपल्या वर्ध्यास शिक्षणपरिषद भरली. तेथे गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण देण्याचा विचार मांडला, आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने आखलेल्या योजनेत सूतकताईबरोबर सुतारकामही होते. सेवाग्रामला आशादेवी आणि आर्यनायकम् या दांपत्याने ती नई तालीम चालवली. दूर फिनलंडमध्ये तर १८६६ सालीच शाळेत हस्तकाम आवश्यक झाले. आपल्या शेजारी, मेळघाटातील लवादा येथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी संपूर्ण बांबू केंद्र उभे केले आणि कोरकू स्त्रीपुरुषांच्या हाताला बांबूचे काम दिले. तेथे बांबूच्या राख्या करणाऱ्या स्त्रियांना कोणी विचारले नाही, की हे तुमचे काम आहे का.

आता आक्षेपांकडे वळते. पहिला आक्षेप आवाजाचा आणि भुशाचा. तो रास्त आहे. म्हणून ठोकाठोकीचे काम दुपारी तीन ते पाच या वेळातच करावे, भजनाच्या दिवशी मुळीच करू नये, आणि झाडलोट आमच्याकडेच असावी, असे आम्ही आपणहून लिहून दिले आहे. रंधताना आणि घासताना नाकातोंडावर पंचा बांधण्याचा नियमही आहे.

दुसरा आक्षेप इजेचा. पटाशीचे काम करताना फळी शिकंजात धरावी आणि दोन्ही हात धारेच्या मागे ठेवावेत. पदर खोचावा, बांगड्या मागे साराव्यात, केस बांधावेत. बोथट हत्यार अधिक धोक्याचे, कारण ते रेटावे लागते आणि निसटते. स्वयंपाकघरात रोज विळीवर बसणाऱ्या बाईला हे कोणी नव्याने सांगायला नको.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपण हौसेने ही कामे केली तर गरीब सुताराच्या पोटावर पाय येईल, असे एका भगिनीने विचारले. विचारले ते बरे केले. दारे, खिडक्या, पलंग, कपाटे अशी कामे वर्ग घेणार नाही, ती मिस्त्रींकडेच जातील, हे पहिल्या दिवशी ठरले. उलट ज्यांना लाकूड कळू लागले, त्यांना चांगल्या कामाची किंमतही कळू लागली. खाचकुशीच्या सांध्याला एक दिवस का लागतो हे जिने स्वतः करून पाहिले, ती सुताराशी शंभर रुपयांसाठी घासाघीस करत नाही. शिवाय ज्या भगिनींना यातून संसाराला हातभार लावायचा आहे, त्यांनी प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेची चौकशी करावी. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या या योजनेतील अठरा व्यवसायांत सुतारही आहे आणि खेळणी करणारेही. हत्यारांसाठी १५,००० रुपये आणि प्रशिक्षणकाळात रोजचे ५०० रुपये यांची तरतूद तीत आहे. स्त्रियांना तिची दारे बंद नाहीत.

भगिनींनो, मिस्त्रीकाकांचे वय आता झाले. त्यांची हत्यारांची पेटी त्यांच्या आजोबांपासूनची. तिच्यातील सामता, वाकस, गिरमिट यांची नावेसुद्धा आपल्या मुलांना परकी आहेत. ही पेटी त्यांनी मंडळाला द्यायचे कबूल केले आहे. अट एकच: ती कपाटात शोभेला ठेवायची नाही, वापरायची. अट घालताना ते म्हणाले, ‘धार लावली नाही तर गंज चढते.’ ते हत्यारांविषयी बोलत होते. मला वाटते, हे हातांविषयीही तितकेच खरे आहे.

म्हणून माझी विनंती अशी, की मागची खोली कार्यकारिणीने या वर्गास द्यावी, एक वर्ष पाहावे, आणि पुढच्या वर्धापनदिनी आमच्याकडून हिशेब मागावा. तोपर्यंत ज्यांच्या घरी डुगडुगणारा पाट, तुटलेला चाटू किंवा अडकलेला खण असेल, त्यांनी तो शनिवारी घेऊन यावा. आम्ही तो दुरुस्त करून देऊ असे मी म्हणत नाही. तो तुमच्याच हातून दुरुस्त करून घेऊ.