हवालदारांची वही
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



मला कापसाच्या भावावर बोलायला सांगितलंय. तेच बोलतो, पण एका माजी सैनिकाच्या वहीतून.

आमच्या गावात एक हवालदार आहेत. नाव सांगत नाही, त्यांना आवडायचं नाही. १९६९ साली भरती झाले, १९७१ ची लढाई पाहिली आणि १९८६ साली पेन्शनीत निघून लोखंडी ट्रंक घेऊन घरी आले. वय ३६. त्या वयात कचेरीतला कारकून बढतीची वाट पाहत असतो. जवान मात्र बापाच्या सहा एकर कोरडवाहू रानात येऊन उभा राहतो.

२००२ साली मी कृषीची पदवी घेऊन गावात आलो. त्याच वर्षी बीटी कापसाला परवानगी मिळाली होती. मोठ्या ऐटीत मी त्यांना खताचा डोस सांगायला गेलो. त्यांनी वही पुढे केली. बियाणं, खत, फवारणी, निंदणी, वेचणी. पलटणीच्या शिस्तीत रुपया न् रुपया लिहिलेला. खाली वजाबाकी. आणि तुटीच्या आकड्यापुढे जवळजवळ दर साली एकच शब्द : पेन्शन. म्हणाले, "बाळा, तुझा डोस बरोबर असंल. पण हा आकडा कोणत्या खतानं भरून निघतो ते सांग."

माझ्या पदवीत त्याचं उत्तर नव्हतं. या कामाकडे मी वळलो तो तिथून.

गावाला वाटायचं, हवालदारांची शेती फायद्याची. २०१५ साली 'समान हुद्दा, समान पेन्शन' लागू झाली. त्याची थकबाकी आली, तीही विहिरीच्या खोदाईत गेली. (पाणी लागलं, पण थोडंच.)

दर नोव्हेंबरात त्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. यंत्रावर अंगठा उमटत नाही. वय झालं, बोटं कामात झिजली. जिवंत माणूस समोर उभा, आणि यंत्र म्हणतं ओळख पटत नाही! मायबहिणींनो, वेचणी करून तुमची बोटं तर याहून झिजलेली; तुम्हाला दाखला मागायलाही कोणी येत नाही.

आता त्यांचा नातू पहाटे डांबरी रस्त्यावर धावतो. २०२२ पासून जवानांची भरती अग्निवीर म्हणून होते. चार वर्षं नोकरी. शंभरातले जास्तीत जास्त २५ कायम. बाकीचे सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवानिधी घेऊन परत. त्यातलं निम्मं मुद्दल त्याच्याच पगारातून कापलेलं. पेन्शन नाही. सैन्याला हे सोयीचं की गैरसोयीचं, ते सेनापतींनी ठरवावं. मी वहीतल्या त्या शब्दाबद्दल बोलतोय.

इकडे ऑगस्ट २०२५ मध्ये, वेचणी तोंडावर असताना, केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत उठवलं. लांब धाग्याचा त्या हंगामाचा हमीभाव ८,११० रुपये. तो कुणाच्या पदरात किती पडला, हे तुम्हीच मला सांगा.

हवालदारांनी नातवाच्या नावाने नवी वही घातली आहे. पहिल्या पानावर खर्च लिहिला, वजाबाकी केली. तुटीपुढची जागा मोकळी ठेवली.

आता जेवणानंतर तालुकावार बसू. येताना प्रत्येकाने कागद आणा. आपल्या गावात किती शेतं पेन्शनीवर, किती मास्तरकीवर, किती पोराच्या पुण्यातल्या पगारावर चालतात, ते लिहून द्या. नावं नकोत, आकडे द्या.