मनाचा आजार आणि गरिबाचे घर



आमच्या जैनाबादेत, तापीच्या या काठावर, आहूखान्याची बाग आहे. 1631 साली बऱ्हाणपुरात मुमताजमहल निवर्तली तेव्हा तिचा देह प्रथम येथे पुरला होता. त्या दुःखाने शहाजहानचे केस पांढरे झाले, असे दरबारी बखरकार लिहून गेले. बादशहाच्या शोकाची नोंद झाली. यंत्रमागावरच्या मजुराचे मन बिघडले तर ती कोण घेणार?

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची हकीकत सांगतो. मुलगा हिशेबात मोठा चलाख. पुढे बऱ्हाणपुरास मागावर कामाला लागला. विसाव्या वर्षी त्याची झोप उडाली. मागाच्या खडखडाटातून कोणी आपल्याला शिव्या देते, असे तो सांगू लागला. त्याची आई माझ्याकडे आली. मी म्हणालो, "ताई, प्रार्थना करा, मन स्थिर होईल." प्रार्थनेवर माझी श्रद्धा आजही आहे, परंतु तेवढ्यावर मी थांबलो, आणि त्यापायी आठ महिने वाया गेले, हे मला कबूल केले पाहिजे. मग त्या माउलीने कानातल्या कुड्या मोडून एका खाजगी दवाखान्याची फी भरली. पैसे संपले, औषधही थांबले.

वास्तविक हा खर्च तिच्यावर पडावयास नको होता. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा 2018 पासून लागू झाला. दारिद्र्यरेषेखालील वा निराधार रुग्णाला सरकारी संस्थेत मोफत उपचार मिळणे हा त्याने हक्क ठरविला. रेशनकार्ड असूनही तिला हे ठाऊक नव्हते. शिक्षक म्हणवणाऱ्या मलाही नव्हते, याची लाज वाटते. रुग्णाला साखळदंडाने बांधणे याच कायद्याने निषिद्ध आहे. 2001 साली तमिळनाडूत एरवाडी येथे आग लागली तेव्हा बांधलेल्या अठ्ठावीस रुग्णांना पळताही आले नव्हते.

तेव्हा आधी जिल्हा रुग्णालयात जावे. तेथून पुढे पाठविण्याची गरज पडली तर इंदूरला बाणगंगेचे सरकारी मानसिक रुग्णालय आहे. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. घराबाहेर पडणेच अवघड असेल तर 14416 हा 'टेली-मानस'चा क्रमांक फिरवावा. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेली ही सेवा मोफत आहे, रात्रीही चालते, आणि आपल्या भाषेत बोलता येते. बाहेरून औषध घ्यावे लागलेच तर जनऔषधी केंद्रात तेच मूळ द्रव्य पुष्कळ स्वस्तात मिळते. मात्र डॉक्टरांना दाखवूनच घ्यावे.

खरी अडचण पुढे येते. या गोळ्यांचा गुण दिसावयास काही आठवडे लागतात. तोवर घरचे कंटाळतात. आणि गुण आला की 'आता बरा झाला' म्हणून गोळ्या बंद करतात. आमच्याकडेही दोनदा तसेच झाले, आणि दोन्ही वेळा आवाज परत आले. शेवटी आईने एक वही घातली. रोजच्या गोळीपुढे ती खूण करते. महिन्याअखेर वही मला दाखविते आणि मग दोघे रुग्णालयाची वाट धरतात. बसभाडे आणि एक दिवसाची बुडालेली मजुरी, एवढाच आता खर्च. तोही त्या घराला जड जातो, हे मी लपवीत नाही.

मुलगा पुन्हा कामाला जातो. मागावर नव्हे, तो खडखडाट त्याला सोसत नाही. एका किराणा दुकानात जमाखर्च लिहितो. गोळ्या चालू आहेत.