शिडाच्या होडीचे इंजिन आणि तेलाची वाट



या व्याख्यानमालेत तुम्ही वेदान्त ऐकता, इतिहास ऐकता, साहित्य ऐकता. आज आम्ही डिझेल घेऊन उभे आहोत. चालकांनी विषय विचारला, तेव्हा आम्ही सांगितले की, शिडाच्या होडीतले इंजिन वाटेत बंद पडते, त्याविषयी बोलतो. त्यांनी थोडे थांबून विचारले, "शिडाच्या होडीला इंजिन कशाला?" प्रश्न रास्त आहे. तेव्हा तिथूनच आरंभ करू.

वारा हा शिडाचा धनी असला तरी मोठा लहरी धनी आहे. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात दुपारी समुद्राकडून खारा वारा येतो, सूर्य कलला की तो पडतो आणि रात्री उशिरा जमिनीकडून मतलई वारा सुटतो. या दोहोंच्या मध्ये काही तास शीड धोतरासारखे लोंबत राहते. नेमक्या त्याच वेळी होडीला खाडीत शिरायचे असते. खाडीच्या तोंडाशी वाळूचे बांध, बाजूला खडक, आणि ओहोटी लागलेली. अशा वेळेसाठी होडीच्या पोटात एक लहानसे डिझेल इंजिन ठेवतात. ते दहा, वीस, फार तर तीस अश्वशक्तीचे असते. महिनाभर त्याच्याकडे कोणी पाहत नाही, आणि ज्या अर्ध्या तासात ते हवे असते त्या अर्ध्या तासात ते हवेच असते.

डिझेल इंजिनाचे तत्त्व सोपे आहे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने 1897 मध्ये आउग्सबुर्ग येथे आपले इंजिन यशस्वी करून दाखवले. त्यात ठिणगी नाही. नळकांड्यातली हवा दट्ट्याने सुमारे विसाव्या हिश्श्याइतकी दाबली जाते. त्या दाबाने ती पाचशे अंश सेल्सिअसच्याही वर तापते आणि त्या तापलेल्या हवेत तेलाचा बारीक फवारा सोडला की तो आपोआप पेटतो. म्हणजे या यंत्राची मागणी दोनच गोष्टींची: पुरेशी हवा आणि वेळेवर स्वच्छ तेल. हाताने वा बॅटरीने इंजिन चांगल्या वेगाने फिरते आहे आणि तरी ते पेटत नाही, असे झाले की आधी तेलाची चौकशी करावी. समुद्रावर बंद पडणाऱ्या इंजिनांचा दोष फार वेळा इंजिनात नसतोच. तो टाकीपासून इंजिनापर्यंतच्या वाटेत असतो.

ही वाट कशी आहे? टाकीच्या तळाजवळ एक नळी बुडवलेली असते. तिला कॉक असतो. तिथून तेल पहिल्या फिल्टरमध्ये येते. त्याच्या खाली वाटी असते आणि तीत पाणी व गाळ खाली बसतो. पुढे फीड पंप. हा तेल ओढतो आणि पुढे ढकलतो. मग दुसरा, फार बारीक फिल्टर. माणसाचा केस ज्यातून मुळीच जाणार नाही इतका बारीक. मग इंजेक्शन पंप आणि शेवटी नोझल. उरलेले तेल परतीच्या नळीने पुन्हा टाकीत जाते. या वाटेवर तीन चोर बसलेले असतात. त्यांची नावे कचरा, पाणी आणि हवा.

पहिले दोन जोडीने येतात. मासेमारीचे यांत्रिक जहाज रोज तेल जाळते, त्यामुळे त्याच्या टाकीत तेल शिळे होत नाही. शिडाच्या होडीच्या टाकीत तेच तेल महिनोन्‌महिने पडून असते. टोपणाच्या झिजलेल्या रबरातून, हवेच्या नळीतून, कधी भरतानाच पाणी आत शिरते. पाणी जड, म्हणून ते तळाशी बसते. जिथे तेल आणि पाणी एकमेकांना भेटतात त्या थरात सूक्ष्म जीव आणि बुरशी वाढते आणि तिचा काळा, बुळबुळीत गाळ होतो. बंदरातल्या शांत पाण्यात हा गाळ तळाशी निवांत निजलेला असतो आणि इंजिन उत्तम चालते. होडी लाटांवर नाचू लागली की टाकी ढवळून निघते, गाळ उठून नळीत येतो आणि फिल्टर तुंबतो. "काल तर चालत होते हो!" असे मालक म्हणतो. काल समुद्र शांत होता, हे तो विसरतो.

तिसरा चोर हवा. दवाखान्यात सुई टोचण्यापूर्वी डॉक्टर पिचकारीतली हवा काढून टाकतात, ते तुम्ही पाहिले असेल. इंजिनात हवेचा अडथळा वेगळ्या कारणाने होतो. तेल दाबले जात नाही, हवा दाबली जाते. नोझल उघडण्यासाठी वातावरणाच्या दाबाच्या शंभराहून अधिक पट दाब लागतो. पंपात तेलाऐवजी बुडबुडा आला तर दट्ट्या बिचारा त्या बुडबुड्यालाच दाबत आणि सोडत राहतो. नोझल उघडत नाही. कारागीर याला "इंजिनाने एअर धरली" असे म्हणतात.

आता आमची स्वतःची फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी मार्च महिन्यात आम्ही दाभोळच्या खाडीत शिरत होतो. बरोबर एक वृद्ध तांडेल होते. दिवस मावळला, वारा पडला, आम्ही इंजिन सुरू केले. दहा मिनिटे ते चालले, मग त्याचा आवाज चढू-उतरू लागला आणि ते विझले. ओहोटीची ओढ एकीकडे, लाटांचा रेटा दुसरीकडे. आम्ही पाना घेऊन खाली उतरलो. वरून तांडेल म्हणाले, "मास्तर, पाना ठेवा खाली. आधी नांगर सोडू."

"दोन मिनिटांत सुरू होईल, तांडेल."

"दोन मिनिटांत वाळूवर जाऊ."

त्यांनी आमच्या उत्तराची वाट पाहिली नाही. चार वाव पाण्यात नांगर पडला, दोर ताणला गेला आणि होडी स्थिर झाली. आज तुम्हांला सांगण्यासारखी पहिली गोष्ट हीच. होडी सुरक्षित होईपर्यंत इंजिनाला हात लावू नये. नांगर टाका, थोडा वारा असेल तर शीड चढवा, किनाऱ्यापासून दूर व्हा. दुरुस्ती त्यानंतर.

मग आम्ही एअर काढली. बारीक फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा आणि फीड पंपाची दांडी हाताने हलवत राहायचे. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग स्वच्छ तेल. तेव्हा स्क्रू आवळायचा. तसेच पुढे इंजेक्शन पंपाशी, आणि गरज पडली तर नोझलच्या नळ्यांचे नट सैल करून. दांडी हलते पण तेल येत नाही, असे झाल्यास घाबरू नये. पंप चालवणारा उंचवटा वर अडकलेला असतो, इंजिन एक फेरा फिरवले की दांडीला जोर येतो. इंजिन सुरू झाले. पाच मिनिटांनी पुन्हा विझले. पुन्हा एअर काढली, पुन्हा तेच. असे तीनदा झाले. बॅटरीच्या उजेडात आम्ही सगळ्या नळ्या चाचपल्या. कुठे तेलाचा थेंब नाही. "गळती नाही," असा आम्ही निर्वाळा दिला.

तांडेल नांगराच्या दोरावर हात ठेवून बसले होते. त्यांनी विचारले, "मास्तर, काल या इंजिनाचं काय काय खोललंत?"

"फक्त पहिला फिल्टर बदलला."

"मग तिथंच बघा."

"पण तिथं थेंबही गळत नाही."

"तिथं तेल ढकलतात की ओढतात?"

आम्ही निरुत्तर झालो. शहाळ्यात घातलेल्या नळीला वर भोक असेल तर पाणी बाहेर सांडत नाही; तुम्ही ओढता आणि तोंडात हवा येते. टाकी इंजिनाहून खाली असली की टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या वाटेत नेमके असेच असते. तिथल्या सैल सांध्यातून तेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. ज्या गळतीने होडी अडते ती डोळ्यांना दिसतच नाही. फिल्टर उघडून पाहिला. जुनी रबरी कडी वरच्या खाचेत चिकटून राहिली होती आणि तिच्यावरच आम्ही नवी बसवली होती. दोन कड्यांच्या मधून हवा आत येत होती. दोष इंजिनाचा नव्हता, तेलाचा नव्हता, विकणाऱ्याचा नव्हता. आमच्या हाताचा होता. जुनी कडी काढली, एअर काढली, इंजिन चालले. रात्री भरती लागल्यावर आम्ही आत गेलो.

त्या रात्रीपासून आम्ही एक क्रम ठरवला आहे. इंजिन एकदम दचकून थांबले तर आधी पंख्यात दोर वा जाळे अडकले का पाहावे. हळूहळू दम तुटून विझले तर तेल पाहावे. फिरवताना धुराड्यातून धूर मुळीच येत नसेल, तर तेल पोचत नाही: बंद करण्याची मूठ ओढलेलीच राहिली का, कॉक मिटला का, टाकी रिकामी आहे का? होडी एका कुशीवर कलली की तेलही एका बाजूला जाते आणि पाव टाकी तेल असूनही नळी हवा ओढते, हेही ध्यानात ठेवावे. मंद चालते पण वेग दिला की मरते, तर वाट चोंदली आहे. फिल्टर पाहावा, टाकीचे टोपण सैल करावे, आणि 'सुस्स' असा आवाज आला तर टाकीची हवेची नळी बंद झाली असे समजावे. बुडवलेल्या नळीत पायपंपाने उलटी हवा मारावी. टाकीत बुडबुडे वाजले तर ती नळी मोकळी.

एवढ्याने उलगडा न झाला तर कॅनची कसोटी लावावी. स्वच्छ तेलाचा एक कॅन उंचावर बांधून त्याची नळी थेट फीड पंपाला जोडावी आणि परतीची नळीही त्यातच सोडावी. इंजिन नीट चालले तर दोष मागे, नाही चालले तर पुढे. एका कसोटीने अर्धी वाट निर्दोष ठरते.

काही पथ्ये आहेत. इंजिन पुष्कळ वेळ नुसते फिरवायचे असेल तर समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद ठेवावा, नाहीतर ते पाणी धुराड्याच्या वाटेने नळकांड्यात शिरते. इंजिन पेटताच तो उघडावा. नोझलच्या फवाऱ्यापुढे बोट कधीही धरू नये. तो कातडी भेदून आत जातो आणि अशा जखमेला, ती टाचणीएवढी दिसली तरी, तातडीने शस्त्रवैद्य लागतो. काढलेले तेल डब्यात धरावे, खाडीत सोडू नये. त्या खाडीवर इतरांची पोटे आहेत. आणि निघण्यापूर्वी फिल्टरच्या वाटीतले तेल काचेच्या बरणीत काढून पाहावे. खाली पाणी, मध्ये काळे तंतू दिसले तर सहल पुढे ढकलावी. बरोबर दोन नवे फिल्टर आणि त्यांच्या कड्या ठेवाव्यात.

तुमच्यापैकी बहुतेकांकडे होडी नाही. पण विहिरीवरचे इंजिन असेल, ट्रॅक्टर असेल, आणि त्यांच्या तेलाच्या वाटेवरही हेच तीन चोर बसलेले असतात. यंत्र अडले की आपण कारखान्याला, तेलाला आणि नशिबाला दोष देतो. कालपरवा आपला हात कुठे लागला होता, हा प्रश्न सर्वांत शेवटी आठवतो. तांडेलांनी तो सर्वांत आधी विचारला. त्यांना इंजिनाचे भाग नावानिशी ठाऊक नव्हते. आम्हांला ते सगळे ठाऊक होते आणि आम्ही तीनदा चुकलो.