संस्था आणि नवे ज्ञान



सुवर्णमहोत्सवानिमित्त चार शब्द बोलण्याची संधी दिलीत, याबद्दल मी ऋणी आहे. मी कापडाचा व्यापारी. कोऱ्या कापडाची खळ काढल्याशिवाय त्यावर रंग नीट चढत नाही, हे आम्ही जाणतो. संस्थेचेही तसेच आहे. वेस्ली कोहेन आणि डॅनियल लेव्हिंथल या अभ्यासकांनी १९९० साली हाच विचार मांडला. बाहेरचे ज्ञान ओळखण्याची व पचविण्याची शक्ती ही संस्थेपाशी आधी असलेल्या ज्ञानावर अवलंबून असते.

याचे उदाहरण आपल्या दारातच आहे. बजाज ऑटोने १९६० च्या दशकात इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या परवान्यावर स्कूटर बनविली. १९७१ मध्ये करार संपला, काम मात्र थांबले नाही. १९७२ मध्ये ‘चेतक’ आली. पुढे जपानच्या कावासाकीचे तांत्रिक सहकार्य लाभले, १९८५ मध्ये वाळूजचा कारखाना सुरू झाला आणि २००१ मध्ये बजाजच्याच नावाची ‘पल्सर’ रस्त्यावर धावली. कराराची मुदत संपते. हाती उतरलेली विद्या उरते.

आपल्या व्यापारातही हेच दिसले. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि कापडावर ५ टक्के कर आला. कर सल्लागार सर्वांनाच उपलब्ध होते. परंतु ज्या पेढीत खतावणी रोजच्या रोज लिहिली जात होती व तिचा अर्थ घरातल्या मुलांनाही कळत होता, तेथे नवी पद्धत लवकर रुळली. ज्यांनी सर्व भार सल्लागारावर टाकला, त्यांच्या शंका महिनोन्महिने त्याच राहिल्या.

धर्मादाय संस्थांपुढे आज हाच प्रश्न आहे. मिळकतीची कागदपत्रे, हिशेबाच्या रीती, जुने ठराव यांची माहिती बहुधा दोन-तीन ज्येष्ठांच्या स्मरणातच असते. ते गेले की संस्थेला पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागते, आणि पाया नसल्याने नवेही रुजत नाही.

म्हणून तीन नम्र सूचना करतो. प्रत्येक पदाधिकाऱ्यासोबत एका तरुणास बसवावे. बाहेरचा तज्ज्ञ अवश्य बोलवावा, पण त्याच्या शेजारी आपला एक माणूस शिकण्यासाठी असावा. आणि शिबिरास जाऊन आलेल्याने शिकलेले दोन पानांत लिहून सभेत वाचावे.

यास खर्च फारसा नाही. सातत्य मात्र हवे. पुढील पन्नास वर्षांची ठेव बँकेत जशी असते, तशी ती माणसांतही असू द्या.

जय जिनेंद्र!