तीन फुटांवरून दिसणारं लंडन



दोन-अडीच वर्षांचं मूल घेऊन लंडनला निघालं, की घरातून हमखास प्रश्न येतो, “त्याला काय कळणार आहे? जरा मोठं होऊ द्या की!” प्रश्न प्रेमापोटीच असतो, आणि निम्मा बरोबरही असतो. राजवाडा, बिग बेन, मुकुटातले हिरे यातलं त्याला काही कळत नाही. पण चालणं कळतं. नुकतंच शिकलेलं असतं ना! म्हणून आज आपण लंडन पायी बघणार आहोत, त्याच्या पायांनी.

आधी हिशेब मांडू. मोठं माणूस तासाभरात चार किलोमीटर सहज चालतं. हे पोर तेवढ्या वेळात गटाराचं एक झाकण, तीन कबुतरं आणि एक जिना बघतं. व्हिसा-तिकिटांचा खर्च मोठा, म्हणून आपण एका दिवसात आठ ठिकाणं कोंबतो. तिसऱ्या ठिकाणी मूल रडायला लागतं आणि चौथ्या ठिकाणी आईबाबांचं वाजतं. त्यापेक्षा दिवसाचे तीन भाग करा. सकाळी त्याचं चालणं. दुपारी ते बाबागाडीत झोपलं की तुमचं म्युझियम. संध्याकाळी एखादी बाग.

हे लंडनमध्ये जमतं, त्याला एक कारण आहे. ब्रिटिश म्युझियम, नॅचरल हिस्ट्री म्युझियम, टेट मॉडर्न यांच्या कायमच्या दालनांना तिकीट नाही. मूल वीस मिनिटांत जागं झालं तर उठून बाहेर पडा, उद्या परत या. पैसे वाया गेल्याची चुटपुट नाही. नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या मुख्य दालनात छताला २५ मीटर लांबीच्या निळ्या देवमाशाचा सांगाडा टांगलाय. तो नीट बघायचा तर मान दुखते. बाबागाडीत उताणं पडलेल्याला मात्र तो आरामात दिसतो!

सकाळच्या चालण्यासाठी थेम्सचा दक्षिण काठ घ्या. वेस्टमिन्स्टर पुलापासून टॉवर ब्रिजपर्यंत साधारण चार किलोमीटर. बराचसा रस्ता फक्त चालणाऱ्यांचा, म्हणून मुलाचा हात जरा सैल सोडता येतो. पूर्ण चालायची गरज नाही. टेट मॉडर्नपर्यंत पोचलात तरी पुष्कळ. हे पूर्वीचं वीजघर. आत टर्बाइन हॉलमध्ये शिरताना मोठा उतार लागतो. चित्रं राहू द्या, पोराला तो उतारच पुरतो. आणि एक करा : तीच नदी सकाळी आणि संध्याकाळी दाखवा. भरती-ओहोटीमुळे इथे पाण्याची पातळी सात मीटरपर्यंत वरखाली होते. सकाळी जिथे वाळू-गोटे दिसत होते, तिथे संध्याकाळी पाणी. “पाणी कुठून आलं?” हा प्रश्न आलाच समजा.

राजवाड्याजवळच्या सेंट जेम्स पार्कमध्ये पेलिकन पक्षी आहेत. १६६४ साली रशियाच्या वकिलाने राजाला पहिली जोडी भेट दिली, तेव्हापासून ते तिथे आहेत. दुपारी अडीचच्या सुमाराला त्यांना मासे खायला घालतात. पहारा बदलण्याच्या सोहळ्यात आपल्या पोराला फक्त पुढच्यांचे गुडघे दिसतात. इथे चोच दिसते.

आता माझी सगळ्यात लाडकी जागा : ब्लूम्सबरीतलं कोरम्स फील्ड्स. १७३९ साली थॉमस कोरम या खलाशाने टाकून दिलेल्या मुलांसाठी संस्था काढली. तिच्या जुन्या आवारात आज सात एकरांचं मैदान आहे, वाळू आहे, खेळणी आहेत. दारावर नियम लिहिलाय : बरोबर मूल असेल तरच मोठ्यांना प्रवेश. एरवी “मुलांना आणू नये” अशा पाट्या वाचायची आपल्याला सवय. इथे तुमचं पोर तुम्हाला आत घेऊन जातं.

फिरण्यातल्या अडचणीही सांगतो. भुयारी रेल्वे १८६३ सालची, जगातली सगळ्यात जुनी. बऱ्याच स्थानकांवर जिनेच जिने. निघण्यापूर्वी नकाशावर व्हीलचेअरची खूण असलेली स्थानकं बघून ठेवा, किंवा सरळ बस घ्या. बसचा तळ बुटका असतो, बाबागाडी उभी करायला जागा असते. मात्र व्हीलचेअर आली की जागा तिची, आपण गाडी घडी करायची. पाच वर्षांखालच्यांना तिकीट नाही. लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन हे अंतर जेमतेम २६० मीटर, ते चालाच. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून जातात, म्हणून “आधी उजवीकडे बघ” ही घरची शिकवण तिथेही चालते. पॅरिसमध्ये हीच सवय उलटी पडते.

आपल्यासाठी एक वाट खास. रीजंट्स पार्कमधून प्रिमरोझ हिलवर चढा. टेकडी लहान, गवताची, लोळण्याजोगी. तिच्यापलीकडे थोड्याच अंतरावर किंग हेन्रीज रोडवर १० नंबरचं घर आहे. १९२१-२२ मध्ये लंडनला शिकत असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे राहत होते. महाराष्ट्र सरकारने ते घेतलं आणि २०१५ पासून तिथे स्मारक आहे. मुलाला आज काही कळणार नाही. दारातला फोटो मात्र काढून ठेवा, दहा वर्षांनी ते स्वतःच विचारेल.

शेवटचा मुद्दा. या सगळ्या वाटांवर आजी-आजोबाही बरोबर येऊ शकतात. फुटपाथ जिथे रस्त्याला टेकतो तिथे बाबागाडीसाठी असलेला उतारच आजीच्या गुडघ्यांना चालतो. दोघांचा वेगही जवळपास सारखा. म्हणजे मुलाला चालता येईल असं शहर सगळ्यांनाच चालतं. त्यासाठी लंडनचं तिकीट काढायलाच हवं असं नाही. तुम्ही पुण्यात असा, इंदूरला, बडोद्याला की बेंगळुरूला, येत्या रविवारी मुलाला घेऊन घरापासून बाजारापर्यंत त्याच्या चालीने जा. कडेवर किती वेळा घ्यावं लागलं, ते मोजा. फुटपाथ कुठे तुटला, कुठे गाडी आडवी लावलेली होती, ते टिपून ठेवा आणि आपल्या नगरसेवकाला नेऊन दाखवा. जाताना पोरालाही बरोबर न्या.