वारस



१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिनं नाव उचललं अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं. काळ्यांच्या मुठी, त्यांच्या घोषणा, त्यांच्या कविता आपल्यापर्यंत आल्या. त्यांचा सातबारा मात्र कुणी मागवला नाही. मी आज त्यावरच बोलणार आहे. कविता वाच म्हणाल तर नंतर वाचतो.

१८६५ साल. तिथली यादवी संपत आलेली. जानेवारीत जनरल शेरमननं हुकूम काढला, दक्षिणेच्या किनाऱ्यावरची मळेवाल्यांची जमीन घ्या आणि सुटलेल्या गुलामांच्या कुटुंबांना चाळीस-चाळीस एकरांपर्यंत द्या. त्याच वर्षी लिंकनचा खून झाला. अँड्र्यू जॉन्सन गादीवर आला आणि त्यानं बहुतेक जमीन जुन्या मालकांच्या घशात परत घातली. तरी ही माणसं हटली नाहीत. पै-पै जोडून विकत घेतली. १९१० पर्यंत काळ्या शेतकऱ्यांच्या मालकीची जमीन दीड कोटी एकरांच्या आसपास गेली. गुलामी जाऊन पन्नास वर्षंही झाली नव्हती! १९२० साली तिथं सव्वानऊ लाखांवर काळे शेतकरी होते. २०२२ च्या शेतीगणनेत पन्नास हजारही भरले नाहीत.

कुठं गेली जमीन? खून, जाळपोळ, धमक्या होत्याच. सरकारी शेतीखातं गोऱ्याला कर्ज द्यायचं आणि काळ्याला हेलपाटे. त्यावर १९९७ साली पिगफर्ड नावाचा खटला झाला, १९९९ साली तडजोड होऊन सरकारला पैसे मोजावे लागले. पण जमीन जायची एक वाट अशी होती की तिथं बंदूक लागली नाही. नुसतं कुणीतरी मरावं लागलं.

काळा शेतकरी मरताना मृत्युपत्र करायचा नाही. का करील? वकील गोरा, कोर्ट गोरं, कचेरीच्या पायरीवर उभं करत नव्हते. त्याला वाटायचं, कागदावर घातली की गेलीच. त्यापेक्षा पोरं आहेत, ती कसतील. मग जमीन सगळ्या वारसांची, न वाटता, सामाईक. पोरांची, नातवंडांची, पणतवंडांची. कुणी शिकागोला, कुणी डेट्रॉइटला कारखान्यात. दोन-तीन पिढ्यांत डझनावारी मालक, आणि निम्म्यांनी ती माती पाहिलेलीसुद्धा नाही.

असल्या एखाद्या वारसाला जमीनदलाल गाठायचा. चार पैसे देऊन त्याचा हिस्सा घ्यायचा. झाला दलाल सहमालक! आता तो कोर्टात जाणार, म्हणणार वाटणी करा. कोर्ट म्हणणार, इतके तुकडे पडत नाहीत, लिलाव करा. लिलावात रोख कोणाकडे? गोदीतल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. बोजा चार दोरांवर उचललेला असतो. खाली पाडायला चारही तोडावे लागत नाहीत. साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर हिल्टन हेड नावाचं बेट आहे. तिथल्या गल्ला लोकांच्या, म्हणजे गुलामांच्या वंशजांच्या, कितीतरी जमिनी हातच्या गेल्या. आज त्या बेटावर श्रीमंत लोक गोल्फ खेळतात.

आणि लिलाव नाही झाला तरी नाव साफ नाही म्हणून कर्ज नाही. २००५ साली कॅटरिना वादळ आलं तेव्हा घर आपलं आहे हे कागदावर दाखवता आलं नाही म्हणून माणसं मदतीवाचून राहिली. थॉमस मिचेल नावाचा कायद्याचा काळा प्राध्यापक, त्यानं पुढाकार घेऊन २०१० साली नमुना कायदा लिहिला. बाहेरच्यानं वाटणी मागितली तर आधी जमिनीची किंमत काढायची आणि इतर वारसांना विकत घ्यायची पहिली संधी द्यायची. कुटुंब किती पिढ्या तिथं आहे हेही कोर्टानं बघायचं. वीसवर राज्यांनी तो घेतला. बैल गेला आणि झोपा केला. पण झोपा तरी केला.

आता आपलं.

महारवतन ही जमीन नव्हती, दावं होतं. गावाची ढोरं ओढा, सरकारचा टपाल-निरोप पळवा, बदल्यात हाडकी-हाडोळ्याचा तुकडा. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात याविरुद्ध बिल आणलं. वतनं गेली ती १९५८ च्या कायद्यानं, १ फेब्रुवारी १९५९ पासून. आकाराच्या तिप्पट रक्कम भरा आणि जमीन नव्या शर्तीनं परत घ्या. नवी शर्त म्हणजे कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकायची नाही, वाटायची नाही. ठीक. पण मरायला परवानगी लागत नाही ना? आपले आजे-पणजे मेले, आणि सातबारा तसाच राहिला.

आमचा एक एकर बारा गुंठे. नाव अजून पणज्याचं. आज्जा गोदीत आला तो परत गेलाच नाही. मी बसून वारस मोजले तर एकतीस. कुणी कल्याणला, कुणी सुरतेला, दोघांचा पत्ताच नाही. गेल्या वर्षी एक दलाल माझ्या चुलत चुलत्याकडं आला. साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र तयार, तीस हजार रोख. परवानगीचं नंतर बघू म्हणाला. वर म्हणतो, तुमच्या त्या खडकात उगवतं काय? रस्ता उगवणार होता, हे त्याला ठाऊक होतं. चुलत्याचा हात पेनकडं गेला होता. चुलतीनं दलालाला चहासुद्धा न देता हाकलला. तिला साठेखत म्हणजे काय ते माहीत नाही. माणूस कळतो.

शिव्या द्यायच्या तर तलाठ्याला, सावकाराला, सरकारला देऊच. त्यात आपल्याला कुणी शिकवायला नको. पण आपल्यातले बाप्ये काय करतात? जयंतीला स्टेजवरून बोलतात, आणि गावी जाऊन बहिणीपुढं हक्कसोडपत्र ठेवतात. सही कर ताई, तुझं सासरचं आहे की! १९५१ साली बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं तेव्हा दिलेल्या कारणांत हिंदू कोड बिल अडवलं हे एक होतं. १९५६ चा वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे, आणि बाप मृत्युपत्राविना गेला तर त्याच्या हिश्शात बायको, आई, मुलगा, मुलगी सारखे. वडिलोपार्जितात मुलीला जन्मानं हक्क महाराष्ट्रानं १९९४ साली दिला, देशानं २००५ साली. २००५ साली बाप जिवंत असण्याची गरज नाही, हे २०२० साली सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलं. माझ्या दोन आत्या आहेत. एकतिसांत त्या धरूनच मोजल्यात, काकांनी कपाळाला आठ्या घातल्या तरी.

त्याच कायद्याचं कलम २२ वाचा. एखादा वारस हिस्सा विकायला निघाला तर बाकीच्या पहिल्या वर्गाच्या वारसांचा घ्यायचा हक्क आधी. शेतजमिनीलाही ते लागू, हे २०१९ साली ठरलं. मिचेलला जे २०१० साली लिहावं लागलं त्याच जातीचं हत्यार आपल्याकडं १९५६ पासून पडून आहे. पण वारस म्हणून नाव लागलेलंच नसेल तर भांडणार कोण?

नाव लावायला तीन महिन्यांची मुदत सांगितलीय, उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. तलाठ्याकडं अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र. मग नोटीस, हरकत आली नाही तर फेरफार मंजूर. मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही. साधा कागद, म्हाताऱ्याची सही किंवा अंगठा, दोन साक्षीदार. नोंदणी सक्तीची नाही, पण करून टाका. उद्या कुणी म्हणायला नको की म्हातारा शुद्धीवर नव्हता. आज्जीला विचारताना लाजू नका. तिला सगळं माहीत असतं, कोण कुणाचा, कोण कुठं मेला. आपण तिला कधी विचारत नाही.

पुढच्या रविवारी इथंच बसू. ज्याच्या नावे, बापाच्या नावे, पणज्याच्या नावे चार गुंठे का असेना, त्यानं सातबारा आणि आठ-अ काढून आणावा. जुने फेरफार मिळाले तर तेही. आणि आत्या, मावश्या, बहिणी यांचे पत्ते एका कागदावर लिहून आणा. अर्ज मी लिहून देतो, अक्षर बरं आहे माझं.